पॅटिस हलकं कसं करायचं? (हलके घेऊ नका!)

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय, आणि तोही शनिवारच्या आत.

आमचे अण्णा (सासरे, वय ७४) रगडा पॅटिसचे भक्त. गेल्या महिन्यात रक्ताचे रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी तळणावर काट मारली. अण्णांनी वडे सोडले, भजी सोडली, पण पॅटिसचा विषय निघाला की लहान मुलासारखे रुसून बसतात. म्हणून "मी घरी कमी तेलात करते" असं छातीठोकपणे सांगून बसले. तिथून पुढचा इतिहास:

पहिला प्रयत्न एअर फ्रायरमध्ये, १८० वर वीस मिनिटं. भेगाळलेलं, पांढुरकं काहीतरी बाहेर आलं. अण्णा ताटाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, गोवऱ्या छान थापल्यात. वाळायला अजून दोन दिवस लागतील."

दुसऱ्यांदा नॉनस्टिकवर थोडं तेल सोडून केले. उलटताना अर्धं उलथन्यावर, अर्धं तव्यावर. शेवटी सगळं गोळा करून बटाट्याची भाजी म्हणून वाढलं.

तिसऱ्यांदा मैत्रिणीचं ऐकून चार चमचे कॉर्नफ्लोर घातलं. तुटलं नाही, हे खरं. पण खोडरबरही तुटत नाही.

बटाटे गंगापूर रोडच्या नेहमीच्या भाजीवाल्याचे, अगदी ताजे, पातळ सालीचे. सोलून, फोडी करून कुकरला तीन शिट्ट्या, मग हँड ब्लेंडरने एकजीव. वर बारीक चिरलेला कांदा, आलं-मिरची, कोथिंबीर, मीठ. चुकतंय कुठे?

पंचवटी_एक्सप्रेस | रात्री ९:५२

पॅटिस हलकं करायचं असेल तर लहान करा. वजन आपोआप कमी.

सातपूरकर | रात्री १०:०५

माझं स्पष्ट मत: तळायचं तर तळा, नाहीतर मुगाची खिचडी खा. कमी तेलातलं पॅटिस म्हणजे बिनपाण्याची रंगपंचमी. महिन्यातून एक खावं, पण खरं खावं.

गोदाकाठची | रात्री १०:११

@सातपूरकर, हे तुम्ही अण्णांना सांगायला येता का? ते तुम्हाला दत्तक घेतील.

रेवा_इंदिरानगर | रात्री १०:३०

आप्पेपात्र वापर गं. प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल, गोल गोळे ठेवायचे, झाकण न ठेवता फिरवत राहायचं. माझ्या मुलीच्या डब्यात हेच असतात. आकार पॅटिसचा नाही, पण रगड्यात बुडल्यावर कोण बघतंय?

माई_नाशिकरोड | बुधवार, सकाळी ६:१५

गोदा, तुझं पहिलं वाक्य वाचलं तेव्हा वाटलं तव्याचा दोष असेल. शेवटचा परिच्छेद वाचला आणि कपाळाला हात लावला. अगं, तू चार गोष्टी केल्यास आणि चारही उलट केल्यास. रागावू नकोस, मी शाळेत तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, सवय जात नाही.

ताजा, पातळ सालीचा म्हणजे नवा बटाटा. तो रस्सा भाजीला घ्यावा. त्यात पाणी जास्त असतं, पॅटिसला तो चालत नाही. पॅटिसला जुना, जाड सालीचा, मातकट दिसणारा बटाटा. दुसरं, सोलून आणि फोडी करून उकडलास की कुकरातलं पाणी सगळं बटाट्याच्या पोटात. सालासकट अख्खा ठेवायचा, तोही पाण्यात बुडवून नाही. कुकरच्या तळाला पाणी आणि वर चाळणीच्या भांड्यात बटाटे, म्हणजे वाफेवर शिजतात. बाहेर काढल्यावर साल काढून ताटात पसरून ठेव, त्याच्यातून वाफ निघून जाऊ दे. मगच किसणीने किस. तिसरं, कच्चा कांदा. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं, आणि तू म्हणतेस चिकटलं! कांदा रगड्यावर वरून घाल.

आम्ही देवळाली कॅम्पला राहायचो तेव्हा शेजारी सिंधी कुटुंब होतं. त्यांच्या घरची टिक्की मोठ्या तव्यावर कडेकडेने मांडलेली असायची, मध्यभागी चमचाभर तेल. शेजारीण वीस-वीस मिनिटं हात लावायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, टिक्कीला तवा आपणहून सोडू दे, ओढून घेऊ नको. ते वाक्य मी विसरले नाही.

ब्लेंडरबद्दल बोलत नाही. ते लिहायला मला पुन्हा रक्तदाबाची गोळी घ्यावी लागेल.

तवा_तापला | सकाळी ८:४०

माईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. ब्लेंडरचं मी लिहितो, त्यांची गोळी वाचवतो.

बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्चचे कण असतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला ते पाणी पिऊन फुगतात. पेशी अख्ख्या राहिल्या तर बटाटा भुसभुशीत लागतो. ब्लेंडरचं पातं फिरलं की पेशी फुटतात आणि आतली खळ बाहेर येते. सुती साडीला घालतो तीच खळ. त्यावर तुम्ही चार चमचे कॉर्नफ्लोर म्हणजे आणखी खळ घातलीत. खोडरबर नाही होणार तर काय?

आता तेलाबद्दल. लोकांना वाटतं पॅटिस कढईत असताना तेल पितं. बरंचसं तेल ते बाहेर आल्यावर पितं. तळताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, ती वाफ तेलाला आत शिरू देत नाही. ताटलीत काढलं की पॅटिस निवतं, आतली वाफ आटते, आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या एकावर एक रचू नका. जाळीवर सुटं ठेवा, वरचं तेल लगेच टिपून घ्या.

आणि तवा कोमट असताना पॅटिस टाकलं तर वाफ जोरात निघतच नाही, नुसतं तेलात भिजत पडतं. शॅलो फ्राय म्हणजे आपोआप कमी तेल, हा समज तिथेच फसतो.

सातपूरकर | सकाळी ९:१०

म्हणजे नीट तापलेल्या तेलात तळलेलं पॅटिस, गार तव्यावरच्या पॅटिसपेक्षा बरं? मी कालच म्हटलं होतं.

तवा_तापला | सकाळी ९:१४

तुम्ही म्हटलं होतं 'बिनपाण्याची रंगपंचमी'. विज्ञान कुठे होतं त्यात?

भगूरचा_भिडू | सकाळी ९:३०

एक बेसिक शंका. हे पॅटिस, टिक्की आणि कटलेट एकच ना? आमच्या ऑफिसच्या कँटीनला तिन्ही नावांनी एकच वस्तू मिळते, फक्त दर वेगळा.

रेवा_इंदिरानगर | सकाळी ९:४५

कटलेट लंबगोल, वरून रवा किंवा ब्रेडचा चुरा, आत भाज्या. टिक्की उत्तरेकडची, आत चण्याची डाळ किंवा वाटाणा, तव्यावर खरपूस. पॅटिस आपलं, नुसत्या बटाट्याचं, रगड्यात जायला. उपवासाचं पॅटिस म्हणजे आत ओलं खोबरं, आणि ते गोल.

पंचवटी_एक्सप्रेस | सकाळी १०:०२

आणि नाशिकचा उलटा वडापाव म्हणजे पावाच्या आत बटाटा, वरून बेसन, मग सगळंच तेलात. हलकेपणाच्या धाग्यावर त्याचं नाव काढल्याबद्दल क्षमस्व. पण मला आता भूक लागली आहे आणि गाडी कल्याणच्या अलीकडे उभी आहे.

सायली_ओट्स | सकाळी ११:२०

बटाटाच कमी केला तर? मी अर्धा बटाटा, अर्धी वाफवलेली मटकी घेते. वर ओट्सची पावडर, किसलेलं गाजर, पालक, जवस. अण्णांना प्रोटीनपण मिळेल.

सातपूरकर | सकाळी ११:२५

ताई, त्याला थालीपीठ म्हणतात.

सायली_ओट्स | सकाळी ११:४०

म्हणा काहीही. माझ्या नवऱ्याला डायबेटिस आहे, त्याला अख्ख्या बटाट्याचं देऊन चालत नाही. हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक घरात 'हलकं' म्हणजे फक्त तेल नसतं.

सातपूरकर | सकाळी ११:५८

चुकलं. शब्द मागे घेतो. मटकीचं प्रमाण देऊन ठेवा, बायकोने मागितलंय.

सायली_ओट्स | दुपारी १२:३०

दोन मध्यम बटाटे, एक वाटी मोड आलेली मटकी वाफवून, निथळून, भरड ठेचलेली. दोन मोठे चमचे ओट्सची पावडर. पालक घातलात तर चिरून, मीठ चोळून घट्ट पिळा, नाहीतर गोदाताईंच्या दुसऱ्या प्रयत्नासारखी भाजी होईल :)

तवा_तापला | दुपारी १२:४५

सायलीताईंच्या मुद्द्याला जोड. उकडलेला बटाटा रात्रभर फ्रीजमध्ये गार केला की त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि लहान आतड्यात पचत नाही. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. त्याने बटाटा काही मधुमेहाचं औषध होत नाही, पण पॅटिससाठी फायदा मोठा आहे. गार बटाटा कोरडा, कडक, सुंदर किसला जातो आणि बांधायला पीठ कमी लागतं. मी नेहमी आदल्या रात्री उकडतो.

माई_नाशिकरोड | दुपारी १:१०

बाकी सगळं पटलं, हे नाही. रात्रीचा उकडलेला बटाटा सकाळी? शिळा? आमच्या सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत घेतला नसता.

भगूरचा_भिडू | दुपारी १:१५

माई, इडलीचं पीठ रात्रीचंच असतं ना?

माई_नाशिकरोड | दुपारी १:३०

ते आंबवलेलं. आंबवलेलं आणि शिळं यात फरक आहे. फोडणीच्या पोळीचा विषय काढू नकोस, मला माहीत आहे तू तिथेच येणार आहेस.

रेवा_इंदिरानगर | दुपारी २:०५

मधला मार्ग: सकाळी उकडून संध्याकाळी करायचे. चार-पाच तास फ्रीजमध्ये. सासूबाईंचाही मान, स्टार्चचाही.

दिंडोरी_रोड | दुपारी ३:२०

मी मार्केट यार्डात अडत्याकडे हिशेब बघतो, म्हणून बटाट्यावर दोन शब्द.

नवा-जुना ओळखायला अंगठ्याने साल घासा. सुटून आली तर नवा. दिवाळीच्या आसपास खेड-मंचरकडचा नवा माल सुरू होतो, तेव्हा बाजारात दोन्ही असतात आणि गिऱ्हाईक चकचकीत दिसतो म्हणून नवाच उचलतं.

पण जुन्यातही गोम आहे. शीतगृहातून आलेला बटाटा थंडीत राहिल्यामुळे गोडसर होतो, कारण स्टार्चची साखर होते. तो तव्यावर पटकन काळपट होतो आणि आतून कच्चटच वाटतो. तसा माल घरी आणला तर आठ-दहा दिवस टोपलीत उघड्यावर, अंधारात ठेवा, गोडी बरीच उतरते. आणि कृपा करून कच्चे बटाटे घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथेही हेच होतं.

जात विचारता आली तर विचारा. चिप्सोना वेफर्ससाठीच काढलेली जात आहे, त्यात पाणी कमी. पुखराज पिवळसर, पाणचट, रश्श्याला बरा. सगळ्यांच्या नावाआधी 'कुफरी' लागतं, ते सिमल्याजवळच्या गावाचं नाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सिमल्यातच आहे.

जात कळली नाही तर घरी करून बघा: एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी. त्यात जो बटाटा बुडतो तो पिठूळ, पॅटिसचा. तरंगतो तो रश्श्याचा.

गोदाकाठची | दुपारी ३:५०

@दिंडोरी_रोड, आत्ता केलं. घरातले सातही बटाटे तरंगले. सातच्या सात! अण्णा बादलीपाशी उभे राहून म्हणाले, "सेतू बांधायला उपयोगी पडतील."

पंचवटी_एक्सप्रेस | दुपारी ३:५५

अण्णांना आयडी काढून द्या, बाकी काही नको.

वैदेही_जुनं_नाशिक | दुपारी ४:३०

कॉर्नफ्लोरऐवजी पोहे. जाडे पोहे कोरडेच मिक्सरमधून काढायचे, अर्धा किलो बटाट्याला तीन मोठे चमचे. घालून दहा मिनिटं थांबायचं, ते उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. वर एक चमचा डाळव्याचं पीठ, त्याने खमंगपणा येतो. भाजलेली जिरेपूड, आमचूर, चिमूटभर बडीशेप भरडून. मीठ अगदी थापायच्या आधी. एकादशी असेल तर पोह्यांऐवजी शिंगाड्याचं किंवा साबुदाण्याचं पीठ, आमचूरऐवजी लिंबू, आणि कोथिंबीर.

माई_नाशिकरोड | दुपारी ४:४२

कोथिंबीर उपवासाला? आमच्याकडे चालत नाही.

वैदेही_जुनं_नाशिक | दुपारी ४:५०

आमच्याकडे चालते. हळद चालत नाही.

भगूरचा_भिडू | संध्याकाळी ५:००

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पॉपकॉर्न उपवासाला चालतात का?)

तवा_तापला | संध्याकाळी ५:१५

गंमत बघा. बटाटा, मिरची, शेंगदाणे, रताळं, साबुदाण्याचा कंद हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज. एवढे पाहुणे आत येऊन मांडी घालून बसलेत, आणि शतकानुशतकं इथे असलेली कोथिंबीर दारात उभी.

माई_नाशिकरोड | संध्याकाळी ५:३०

तिला उभं राहू दे. धागा बटाट्याचा आहे.

रेवा_इंदिरानगर | संध्याकाळी ६:१०

माईंचं बरोबर आहे, परत वळू. गोदा, तवा बदल. नॉनस्टिक रिकामा फार तापवायचा नसतो, आणि पॅटिसला हवी ती धग त्यामुळे मिळत नाही. बिडाचा तवा घे, मी भांडी बाजारातून घेतला. नवीन असेल तर घासून, कोरडा करून, तेलाचा पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवायचा, असं तीन-चारदा. रोज अर्धा कांदा तेलात बुडवून घासला की आठवड्यात काळाभोर, गुळगुळीत होतो. जड आहे, उचलायला अण्णांना हाक मार, तेवढाच व्यायाम.

एक_वाचक | संध्याकाळी ७:००

एअर फ्रायरवाल्यांची बाजू मांडतो. गोवऱ्या का झाल्या? तेल अजिबात लावलं नाही म्हणून. वाऱ्याने वरचा थर सुकतो आणि तडकतो. भांडं आधी पाच मिनिटं तापवा, पॅटिसच्या दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा, २०० वर बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. एका पॅटिसला पाव चमचा पुरतो. तव्याची चव नाही येणार, हे कबूल.

गोदाकाठची | शनिवार, रात्री ९:१५

अहवाल सादर करते.

यार्डातून जुने बटाटे आणले. मिठाच्या पाण्यात नऊपैकी आठ बुडाले. (नववा भाजीत गेला.) सकाळी वाफेवर, सालासकट. माईंची क्षमा मागून दुपारभर फ्रीजमध्ये. किसणीने किसले, पोह्यांची भरड, डाळव्याचं पीठ, जिरं, आमचूर. कांदा नाही. थापून अर्धा तास उघडेच फ्रीजमध्ये ठेवले, वरचा भाग कोरडा झाला.

बिडाचा तवा शेजारच्या काकूंचा. पाण्याचा थेंब नाचला तेव्हा दोन चमचे तेल पसरलं आणि आठ पॅटिस मांडले. हात लावला नाही. चार मिनिटं झाली, हात शिवशिवत होते. पाचव्या मिनिटाला एक हलवून बघितलं तर आपणहून सरकलं! तांबूस, कडा कुरकुरीत. दुसऱ्या बाजूला तेल नव्याने घातलं नाही.

हिशेब: चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, ४० कॅलरी. दोन चमचे आठांत वाटले, म्हणजे एका पॅटिसला १०. अण्णांनी दोन खाल्ले.

माई_नाशिकरोड | रात्री ९:२५

शंभरपैकी पंच्याण्णव. पाच फ्रीजचे कापले. तोंडात कसं लागलं ते लिहिलंच नाहीस.

गोदाकाठची | रात्री ९:३१

वरून कडक पापुद्रा, आत भुसभुशीत, आमचूर मागून येतो. रगडा घातल्यावरही दहा मिनिटं विरघळलं नाही. तळलेल्यासारखं नाही, खोटं कशाला बोलू. पण तळलेलं खाल्ल्यावर जो घसा तेलकट होतो तो नाही.

सायली_ओट्स | रात्री ९:४०

रगड्यावर शेव किती घातली?

गोदाकाठची | रात्री ९:४२

…अण्णांनी स्वतः घेतली.

सायली_ओट्स | रात्री ९:४३

किती?

गोदाकाठची | रात्री ९:४८

मूठभर. अण्णांची मूठ.

तवा_तापला | रात्री ९:५५

शेव १०० ग्रॅमला साडेपाचशे कॅलरीच्या आसपास जाते. मूठ वीस ग्रॅमची धरली तरी शंभरच्या वर. म्हणजे आठही पॅटिसना मिळून जेवढं तेल लागलं, त्याहून जास्त अण्णांनी वरून भुरभुरवलं.

सातपूरकर | रात्री १०:०१

अण्णांच्या मुठीला माझा नमस्कार.

वैदेही_जुनं_नाशिक | रात्री १०:१०

शेवेऐवजी कुरमुरे कोरडे भाजून, चाट मसाला लावून. किंवा भाजलेल्या पोह्यांचा चिवडा. कुरकुर हवी असते, तेल नाही.

गोदाकाठची | रात्री १०:२०

पुढच्या शनिवारी कुरमुरे. शेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, तिथे फक्त माझा हात पोचतो.

अण्णा शेजारी बसून सगळं वाचतायत. विचारतायत की हे जमलंच आहे तर 'मिसळ हलकी कशी करायची' असा धागा कधी काढणार?

सातपूरकर | रात्री १०:२२

त्यांना सांगा, नाशकात राहायचंय ना?